खिडकीतून की दारातून?

गेमची परीक्षणं आम्ही वाचायचो, ती गेम घ्यावा की घेऊ नये हे ठरवायला नव्हे. घेणार कोण होतं? काळ २००१-०२चा. आमच्या तालुक्याच्या गावात डबाबंद अस्सल गेम मिळत नव्हता. पुण्यामुंबईत मिळायचा, पण त्या किमतीत शाळेची वर्षभराची वह्या-पुस्तकं आली असती. आणि समजा मामाने लाडाने आणून दिलाच, तर तो घरच्या ६४ एमबी रॅमच्या असेंबल्ड मशीनवर चालण्याची खात्री नव्हती. तेव्हा परीक्षण हाच आमचा गेम. ‘डिजिट’चा अंक आला की सोबतची सीडी एकाच्या घरी जायची, अंक दुसऱ्याच्या. सीडीवरचा डेमो म्हणजे पहिला घास, आणि परीक्षण म्हणजे उरलेलं ताट कसं आहे याची बातमी. ती बातमी आम्ही जवळजवळ पाठ करायचो आणि न खेळलेल्या गेमवरून मधल्या सुट्टीत तावातावाने भांडायचो.

परीक्षणाच्या शेवटी एक चौकट असे. सगळे आधी तीच वाचत. ग्राफिक्सला इतके, साउंडला इतके, गेमप्लेला इतके. सायबर कॅफेत बसून ‘गेमस्पॉट’ उघडलं तर तिथेही गेमप्ले, ग्राफिक्स, साउंड, व्हॅल्यू आणि पाचवं खातं ‘रिव्ह्यूअर्स टिल्ट’, म्हणजे परीक्षकाची मर्जी. विषयवार गुण आणि शेवटी एकूण, ही भाषा आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या चौकटीत एका गोष्टीला रकानाच नव्हता: गेममध्ये तुम्ही काहीतरी ठरवता आणि त्यामुळे काहीतरी बदलतं, या गोष्टीला. फार तर ती ‘रिप्ले व्हॅल्यू’त कोंबली जाई. शेवट तीन आहेत, म्हणजे गेम तीनदा खेळता येईल, पैसे वसूल. आज मोठ्या गेमचं परीक्षण लिहिणारा माणूस ‘खेळाडूच्या निवडीला इथे काही अर्थ आहे का’ हा प्रश्न टाळूच शकत नाही. तेव्हा तो फारसा कुणी विचारत नसे. आणि तरी निवडीचे जे चटके मला आजही आठवतात, ते बरेचसे त्या रकाना नसलेल्या काळातले आहेत.

सुरुवात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’पासून करायला हवी. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, मॅडमची पाठ फिरली की फ्लॉपीवरून सुरू होणारा तो गेम. जॉर्डन मेक्नरने तो १९८९ साली ॲपल टू कॉम्प्युटरसाठी केला. राजपुत्राच्या धावण्या-उडी मारण्यासाठी त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला लावून चित्रित केलं होतं. म्हणून तो राजपुत्र इतका माणसासारखा पळतो. साठ मिनिटं, राजकन्या, वजीर, बस. त्यात निवड कुठली? डावीकडे पळा, उजवीकडे पळा. पण चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की आपलीच सावली बाहेर पडते, आणि बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर येते. तिला वार करावा तर आपलंच रक्त कमी होतं. तिला मारलं तर आपणही मेलो. यावर गेम एक अक्षर बोलत नाही. आमच्यातल्या एकाला कुठूनतरी कळलं: “अरे, तलवार म्यान कर आणि सरळ तिच्या अंगावर चालत जा.” खाली बाण दाबला, तलवार म्यान झाली, सावली आणि राजपुत्र एकमेकांत मिसळून गेले.

पुढे वाचनात आलं, की ॲपल टूच्या तुटपुंज्या मेमरीत दुसऱ्या शत्रूची चित्रं मावेनात, म्हणून मेक्नरने राजपुत्राचीच चित्रं वापरून ही सावली उभी केली. अडचणीतून निघालेली युक्ती. पण गेममधली निवड कशी असावी याचा वस्तुपाठ मला तिने दिला. शस्त्र खाली ठेवण्याची सोय गेममध्ये पहिल्या द्वंद्वापासून असते. ती वापरावी असं कुणाला सुचत नाही, इतकंच.

मग ‘एज ऑफ एम्पायर्स’ आला. धर्मगुरूच्या ‘वोलोलो’ने शत्रूचा हत्ती आपल्या रंगाचा होताना पाहणं हा त्या काळातला एक निखळ आनंद होता. सिड मायर यांच्या नावावर एक व्याख्या सांगितली जाते, की गेम म्हणजे रंजक निर्णयांची मालिका. ‘सिव्हिलायझेशन’च्या कर्त्याला ती शोभते, आणि ‘एज’लाही लागू पडते: आता लाकूड की अन्न, भिंत की तिरंदाज. पण हे निर्णय हिशोबाचे. चुकला की हरता, बरोबर आला की जिंकता, रात्री झोप लागते. सायबर कॅफेत तर तेवढंही नव्हतं. तिथे ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि नंतर ‘व्हाइस सिटी’. कॅफेवाल्या दादाच्या टेबलाच्या काचेखाली चीटकोडची चिट्ठी, त्यात सगळ्यात वर ‘पँझर’, की रणगाडा हजर. त्या गेमची मिशन्स पूर्ण करणारा मुलगा मी अख्ख्या कॅफेत एकच पाहिला, आणि त्याला बाकीचे जरा वेडसर समजायचे. तासाचे पैसे भरून गोष्ट कोण ऐकतं?

गोष्ट ऐकायला घरचं मशीन लागायचं, आणि तिथे वेगळीच पंचाईत. ‘फॉलआउट’ १९९७चा, इंटरप्लेचा. आमच्याकडे आला राईट केलेल्या सीडीवर, मॅन्युअलशिवाय. अणुयुद्धानंतरचं जग, जमिनीखालचं निवारागृह, पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलेली, ती शोधून आणायला १५० दिवस. पाहता पाहता गेम संवादांच्या ढिगाऱ्यात शिरायचा. मराठी माध्यमातली आम्ही मुलं, मांडीवर डिक्शनरी. चार पर्यायांतले दोन कळायचे, तिसऱ्याचा अंदाज यायचा, चौथा धाडस म्हणून. त्यामुळे कितीतरी माणसांशी आम्ही उद्धटपणे बोललो, तेही नकळत, आणि बंदुका निघाल्यावर कळलं की आपण काय बोललो.

याच गेममध्ये पात्राची बुद्धी फार कमी ठेवली तर ते नीट बोलूच शकत नाही, नुसते हुंकार देतं, आणि समोरची माणसंही त्याप्रमाणे वागतात. डिक्शनरी मिटून खेळता येईल असा तो एकच प्रकार होता, आणि आम्ही तो मनापासून खेळलो. पण बुद्धी आणि वाणी भरपूर ठेवलेल्या एका मित्राने सांगितलं, की शेवटच्या खलनायकाला गोळी न झाडता संपवता येतं. त्याने घडवलेल्या महाकाय प्रजेला मुलं होऊच शकत नाहीत, हा पुरावा त्याच्यासमोर ठेवायचा. आपली सगळी योजना व्यर्थ आहे हे त्याला पटतं आणि तो स्वतःच शेवट करून घेतो. आम्ही त्या मित्राला खोटारडा म्हटलं. त्याने घरी बोलावून दाखवलं तेव्हा गप्प बसलो. शेवटी गेम एकेका वस्तीचं पुढे काय झालं हे सांगत जातो. ज्या गावात आम्ही दुर्लक्ष केलं होतं, त्याचाही हिशोब त्यात होता. दुर्लक्ष करणं हीसुद्धा निवड धरली जाते, हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आता ‘डेउस एक्स’बद्दल. हा गेम जून २०००मध्ये आला, ऑस्टिनच्या आयन स्टॉर्म स्टुडिओतून, वॉरन स्पेक्टरच्या नेतृत्वाखाली. ज्यांना तो अजून कोरा खेळायचा आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून द्यावेत. पंचवीस वर्षं झाली तरी ही सूचना द्यावीशी वाटते, यातच काय ते आलं.

तुम्ही जेसी डेन्टन, दहशतवादविरोधी संघटनेचा नवा एजंट. पहिल्याच मोहिमेत, डोकं उडालेल्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याशी, मोठा भाऊ पॉल विचारतो की कुठलं हत्यार देऊ. तुम्ही किती माणसं मारली याची नोंद गेम ठेवतो, पण पडद्यावर आकडा दाखवत नाही. तळावर परतलात की शस्त्रागारातला म्हातारा सॅम कार्टर त्याप्रमाणे बोलतो. कार्यालयात सहज म्हणून बायकांच्या स्वच्छतागृहात डोकावलात तर साहेब नंतर त्यावरूनही झापतो. मग विमानातला प्रसंग. शरण आलेल्या माणसाला गोळी घाल, असं सहकारी ॲना नवार फर्मावते. आम्हाला वाटलं, दोनच वाटा: घाला किंवा घालू नका. न घातली तर ती स्वतः घालते. कुणीतरी वैतागून बंदूक ॲनावरच फिरवली. आणि गेमने ते मान्य केलं! वरिष्ठ सहकारी, गोष्टीतलं महत्त्वाचं पात्र, तिथल्या तिथे मेलं, आणि गोष्ट तिच्यावाचून पुढे सरकली.

सगळ्यात खोल गेला तो न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीचा प्रसंग. पॉल अशक्त आहे, सैनिक जिने चढून येताहेत. तो म्हणतो, तू खिडकीतून निघून जा, मी यांना थोपवतो. भाऊ सांगतोय, गोष्ट सांगतेय, जीवही वाचवायचाय. मी खिडकीतून उडी मारली. पुढे पॉलचं प्रेत सापडलं. वाईट वाटलं, पण गोष्टच तशी आहे असं समजून पुढे गेलो, कारण गोष्टीत भाऊ मरतातच. काही आठवड्यांनी शेजारच्या आळीतला एकजण सहज बोलता बोलता म्हणाला, “हाँगकाँगनंतर पॉल काय म्हणतो रे तुझ्याशी?” मी म्हटलं, पॉल मेलाय. तो म्हणाला, छे! तो खोलीतून हललाच नव्हता. सैनिकांशी झुंजून दारातून बाहेर पडला होता, आणि त्याचा पॉल जिवंत होता.

पडद्यावर कुठेही ‘पॉलला वाचवा’ असं लिहिलं नव्हतं. दोन बटणं आली नव्हती, घड्याळ टिकटिकत नव्हतं. एक खिडकी होती, एक दार होतं, आणि मी कुठून गेलो ते गेमने पाहिलं. त्या दिवशी मला आलेला राग कुठल्याही परीक्षणाच्या चौकटीत बसला नसता. परीक्षकाचा तरी काय दोष? अंकाची तारीख डोक्यावर असताना तो गेम एकदाच खेळणार, एकाच वाटेने. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. उरलेलं परीक्षण आम्ही पोरांनी गल्लीत, सायकली टेकवून पुरं केलं, आणि त्यात प्रत्येकाची साक्ष वेगळी होती.

जगात मात्र परीक्षणाचा वेगळाच कारखाना उभा राहत होता. २००१मध्ये ‘मेटाक्रिटिक’ सुरू झालं: सगळ्या परीक्षणांच्या गुणांची गोळाबेरीज करून शंभरपैकी एक आकडा. वाचकाची सोय झाली, आणि प्रकाशकांच्या हातात फूटपट्टी आली. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ हा २०१०चा गेम निवडीच्या दृष्टीने माझ्या मते आजवरच्या सर्वोत्तम चार-पाचांत बसेल. चार बाजू, चारही सदोष, आणि वाळवंटातल्या धरणाच्या लढाईत कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते तुमच्यावर. तो आला तेव्हा बग्जनी बुजबुजलेला होता, हेही खरं. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला ठरलेल्या रकमेवर बोनस मिळणार होता तो मेटाक्रिटिकवर ८५ पडले तर. पडले ८४. हे स्टुडिओतल्याच ख्रिस ॲव्हेलोन यांनी दोन वर्षांनी जाहीरपणे सांगितलं. एका गुणाने गेलेलं वर्ष आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. पण परीक्षेत निदान पेपर पुन्हा तपासायला देता येतो.

‘मेटाक्रिटिक’ सुरू झालं त्याच दशकात गेमबद्दल लिहिणारेही बदलले. २००४मध्ये कीरन गिलन या ब्रिटिश लेखकाने मांडलं, की गेमवर लिहायचं तर यंत्राची तपासणी केल्यासारखं कशाला, तिथे प्रवास करून आल्यासारखं लिहावं: मला तिथे काय झालं ते सांगावं. आमच्या गल्लीतल्या परीक्षणांची ही जाहीर पताकाच होती, फक्त आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या टोकाला शिकागोचे नामवंत चित्रपट-समीक्षक रॉजर एबर्ट. २००५मध्ये त्यांनी म्हटलं, की गेममध्ये खेळाडू निवड करतो आणि नेमकं तेच गंभीर साहित्य-चित्रपटाच्या विरुद्ध आहे, कारण तिथे सूत्रं लेखकाच्या हाती असावी लागतात. गेमवाले खवळले. २०१०मध्ये एबर्ट यांनी तो वाद पुन्हा उकरला आणि मग, गेम न खेळता आपण बोलायला नको होतं, असं मोकळेपणाने कबूलही केलं. मला स्वतःला त्यांचा आक्षेप गेमवाल्यांच्या बऱ्याच बचावांपेक्षा मोलाचा वाटतो. त्यांनी दुखरी जागा बरोबर पकडली होती: निवड खेळाडूची असेल तर लेखक कुठे उभा राहतो?

२००७च्या ‘बायोशॉक’ने याच जागेवर बोट ठेवलं, आणि त्याच वर्षी गेम डिझायनर क्लिंट हॉकिंगने ‘बायोशॉक’वर. त्या गेममध्ये लहान मुली भेटतात. त्यांना वाचवा किंवा त्यांचं सत्त्व ओरबाडून घ्या. परीक्षणांत या नैतिक पेचाची केवढी चर्चा झाली! पण वाचवलं तर थोड्या वेळाने भेटी येतात आणि तोटा जवळजवळ भरून निघतो. माणुसकीची किंमत शून्याच्या आसपास. हॉकिंगचा मुद्दा याहून पुढचा होता. खेळताना गेम म्हणतो स्वार्थी हो की परोपकारी हो, तुझी मर्जी. गोष्टीत मात्र रेडिओवरच्या माणसाचं मुकाट ऐकावंच लागतं. खेळ एक सांगतो, कथा दुसरंच. ग्राफिक्सला ९, साउंडला ९ यातून परीक्षण इथवर आलं होतं, आणि ही वाढ खरी होती. ती मी नाकारणार नाही.

पण रकाना मिळाला की रकान्यासाठी माल बनू लागतो. निवड ही डब्यावर छापायची गोष्ट झाली. बायोवेअरच्या २००३च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये पुण्य-पापाचा तराजू होता. ‘मास इफेक्ट’मध्ये २००७पासून तो संवादाच्या चक्रात आला: वर सज्जन, खाली दांडगट, आणि खास पर्याय निळ्या-लाल रंगात. अर्ध्या तासात बोटाला सवय लागते. वाक्य वाचायचीही गरज उरत नाही, सज्जन व्हायचंय ना, मग निळं दाबा. मांडीवर डिक्शनरी घेऊन अडखळणारा मुलगा प्रत्येक पर्यायापुढे जितका थांबत होता, तितका मी या गेममध्ये कधी थांबलो नाही.

२०१२ हे वर्ष या सगळ्याचा कळस. टेलटेलचा ‘द वॉकिंग डेड’ आला. तुमच्यासोबत क्लेमेंटाइन नावाची लहान मुलगी. काही बोललात की वरच्या कोपऱ्यात सूचना: क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील. भाग संपला की टक्केवारी, तुमच्यासारखं किती जणांनी केलं. पहिल्या भागात डग आणि कार्ली या साथीदारांपैकी एकालाच वाचवता येतं. हृदय तोंडात येतं. ज्याला वाचवाल ते माणूस तिसऱ्या भागात गोळी लागून मरतं, कुणीही असो. चांगला गेम आहे, मी रडलोही आहे. पण ‘लक्षात ठेवील’ म्हणून सांगणं वेगळं आणि सॅम कार्टरने न सांगता लक्षात ठेवणं वेगळं.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘मास इफेक्ट ३’. तीन गेम, पाच वर्षं, एकाच सेव्ह फाइलमधून पुढे आणलेले शेकडो निर्णय, आणि शेवटी तीन दरवाजे: लाल, निळा, हिरवा. स्फोटाचा रंग बदलला, बाकी दृश्य जवळपास तेच. परीक्षकांनी गेमला नव्वदीपार नेऊन ठेवलं होतं, खेळाडू पेटून उठले. निषेध म्हणून चाहत्यांनी वर्गणी काढून बायोवेअरला चारेकशे कपकेक पाठवले. वर लाल, निळं, हिरवं आइसिंग. चव सगळ्यांची एकच. इतकं नेमकं परीक्षण त्या वर्षी कुणी लिहिलं नसेल. जूनमध्ये कंपनीने शेवट वाढवून दिला.

आणि याच २०१२मध्ये ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ नावाचा एक वरवर साधा बंदुकबाजीचा गेम आला. वाळूने गाडलेल्या दुबईतला. त्यात एका ठिकाणी जमाव तुमच्या साथीदाराला फासावर लटकवतो आणि तुमच्यावर दगड मारत चालून येतो. पडद्यावर काही लिहून येत नाही. हातात बंदूक आहे. बहुतेकांचं बोट आपसूक दाबलं जातं. पण हवेत गोळी झाडली तरी जमाव पांगतो. हे मला नंतर एका मित्राकडून कळलं, आणि कित्येक वर्षांनी पुन्हा ती खिडकी-दाराची कळ उठली. तेव्हा ही कला लोपली असं रडगाणं गाण्यात अर्थ नाही. २०१५चा टोबी फॉक्सचा ‘अंडरटेल’ घ्या. पहिल्या मायाळू पात्राला मारून पस्तावलात, जुनी सेव्ह उघडून तिला वाचवलंत, आणि बाहेर आलात, तर एक फूल दात विचकून सांगतं की मला माहीत आहे तू आधी काय केलंस. सेव्हच्या आड लपायची जागाही त्याने काढून घेतली. २०१९च्या ‘डिस्को एलिसियम’मध्ये फासे उलटे पडले की कितीदा अधिक मजेदार काहीतरी घडतं. गेम तेव्हाचे चांगले होते आणि आताचे वाईट आहेत, असं म्हणणाऱ्याने आताचे खेळलेले नसतात.

माझी तक्रार आहे ती आपल्या खेळण्याबद्दल. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३मध्ये आला. शेवटाचे सतरा हजार प्रकार आहेत, असं तो बनवणाऱ्या लॅरियनने आधीच सांगून ठेवलं होतं. आकडा ऐकूनच मला धसका बसला, पण गेम खरोखर मोठा आहे, उदार आहे. अनेक परीक्षकांच्या हाती तो प्रकाशनाच्या थोडेच दिवस आधी पडला, म्हणून ‘परीक्षण चालू आहे’ अशा पाटीखाली त्यांनी पहिले लेख लिहिले. एवढ्या गेमचं परीक्षण पुरं होणारच कसं? मला ती पाटी आवडली. प्रत्येक परीक्षणावर ती कायमची असावी.

माझी भाची हा गेम खेळते तेव्हा शेजारी फोनवर गाईड उघडं असतं. मी एकदा न राहवून बोललो.

“अगं, आधीच का बघतेस?”

“मामा, इथे चुकीचं ऑप्शन घेतलं तर तो कायमचा पार्टी सोडून जातो.”

“मग जाऊ दे की.”

“असं कसं जाऊ दे? शंभर तासांचा गेम आहे. पुन्हा कधी खेळणार मी? परीक्षा कोण देणार?” आणि मग तिने ठेवणीतला वार केला. “तुमच्याकडे सहा महिन्यांत एक सीडी यायची. तुम्हाला तीच ती पुन्हा खेळायला लागायची. माझ्या लायब्ररीत साठ गेम पडलेत.”

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही, आणि खरं तर आजही पुरतं सुचलेलं नाही. आमच्या निवडींना जे वजन होतं त्यातलं काही गेममधलं होतं, काही टंचाईतलं. एकच सीडी, तीच गोष्ट, तेच चार मित्र, आणि लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं पाण्यात. आता स्टीमवर सेलमध्ये रुपयांत किंमत दिसते, यूपीआयने क्षणात पैसे जातात, आणि अस्सल गेम पोरांच्या स्वतःच्या नावावर असतो. आम्हाला हे मिळालं असतं तर आम्हीही साठ गेम साठवले असते. चोरीच्या सीडीचे गोडवे मी गाणार नाही.

तरीही भाचीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. वेळ कमी आहे म्हणून गाईड, हे ठीक. पण गाईड बघून घेतलेल्या निर्णयात तिचं काय उरलं? गेममधला फासा टाकला, वाईट पडला, एफ-आठ दाबून जुनी सेव्ह उघडली, पुन्हा टाकला. सतरा हजार शेवटांपैकी एक ‘बरोबर’ शेवट शोधून त्याकडे सरळ चालत जायचं, म्हणजे त्या बिचाऱ्या गेमला पुन्हा ‘फॉलआउट’च्या आधीच्या काळात नेऊन ठेवणं. लॅरियनलाही हे दिसलं असावं. वर्षाच्या शेवटी त्यांनी ‘ऑनर मोड’ आणला, ज्यात एकच सेव्ह, मागे फिरणं नाही. आमच्या काळची टंचाई आता पर्याय म्हणून मेनूत मिळते. भाचीने तो अजून उघडलेला नाही.

आणि आजचं परीक्षणही, निवडीला रकाना दिल्यावर, वारंवार मोजणीतच अडकतं: शेवट किती, फाटे किती, कुठली निवड ‘खरी’ आणि कुठली ‘दिखाऊ’. यूट्यूबवर सगळे शेवट ओळीने लावून ठेवलेले असतात. मला परीक्षकाकडून एवढंच हवं असतं, की तुम्ही काय केलंत आणि नंतर रात्री त्याबद्दल काय वाटलं ते सांगा. फाटे मी मोजून घेईन.

कुणी विचारलं की आज सुरुवात कुठून करावी, तर मी एकच नाव सांगतो: ‘पेपर्स, प्लीज’. लुकास पोपचा, २०१३चा. किंमत कमी, जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतो, २०२२पासून फोनवरही आहे. तुम्ही एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून. पासपोर्ट तपासायचे, शिक्का मारायचा, चुका वाढल्या की पगार कापला जातो, आणि घरी बायको-पोरं थंडीत उपाशी. एके दिवशी एक माणूस कागद घेऊन येतो, सगळे बरोबर. जाता जाता म्हणतो, माझ्या मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा दयेने वागा. तिच्याकडे परवाना नसतो. गेम शेजारी निळा-लाल रंग दाखवत नाही. फक्त दोन शिक्के. खेळाल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि तिचं काय करायचं ते कुणाला विचारू नका.